चार पोस्टकार्डांवरचा संसार

जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीजवळ आयफेल नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे, आणि त्या मुलखात न्यूरबुर्ग नावाचे एक चिमुकले गाव एका पडक्या गढीच्या सावलीत वसलेले आहे. परंतु या गावाची जगभरची ख्याती त्या गढीमुळे नसून, गावाला आणि गढीला दोघांनाही पोटात घेऊन रानावनांतून, ओढ्यांवरून आणि चढउतारांवरून वळत गेलेल्या एका रस्त्यामुळे आहे. १९२५ साली, बेकारांच्या हातांना काम मिळावे या हेतूने सरकारी मदतीतून या रस्त्याचे काम सुरू झाले आणि १९२७ च्या जून महिन्यात त्यावर पहिली शर्यत झाली. नॉर्डश्लाइफ, म्हणजे उत्तरेचा फेरा, या नावाने ओळखला जाणारा हा भाग आज २०.८३२ किलोमीटर लांब असून त्याच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूंच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचा फरक आहे. जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश शर्यतपटूने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटले, आणि १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा याची मोटार येथेच पेटल्यानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतींनी या फेऱ्याकडे कायमची पाठ फिरवली. अशा या रस्त्याचे सर्वांत मोठे आश्चर्य मात्र निराळेच आहे. शर्यती नसतील अशा ठरावीक दिवशी तो कायद्याच्या दृष्टीने एक साधा, एकेरी वाहतुकीचा, जकातीचा रस्ता असतो. नाक्यावर पैसे भरावेत, अडसर वर जावा, आणि नोंदणीचा क्रमांक असलेली कोणतीही रस्त्यावरची गाडी, मग ती लाखमोलाची पोर्शे असो की कुणा कुटुंबाची म्हातारी व्हॅन, त्या नरकात शिरावी. आत जर्मनीचा वाहतूक कायदाच चालतो. उजवीकडून चालायचे, ओलांडायचे ते डावीकडूनच, आणि घड्याळ लावून फेरी मोजण्यास सक्त मनाई.

शर्यतीचा मार्ग आणि लोकांचा रस्ता ही दोन्ही रूपे एकाच डांबरात कालवलेली जागा जगात शोधायची झाली, तर याहून नामांकित जागा मिळणार नाही. म्हणूनच, माझ्या एका जुन्या मित्राचा पुतण्या, जो मूळचा कोथरूडचा आणि गेली दहा वर्षे कोलोनमध्ये अभियंत्याची नोकरी करणारा, मला “काका, एक रविवार माझ्यासाठी ठेवा” असे म्हणाला, तेव्हा मोटारींविषयी जन्मभर बाळगलेली उदासीनता बाजूस ठेवून मी होकार दिला.

त्याच्याकडे माझदा एमएक्स-५ आहे. दोन आसनांची, उघड्या छपराची, पहिल्या पिढीतली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात या गाडीचे पहिले दर्शन झाले, आणि पुढे २०१६ पर्यंत तिच्या सर्व पिढ्या मिळून दहा लाखांवर गाड्या तयार झाल्या. तिच्यात बळ बेताचे आहे. परंतु वजन हजार किलोंच्या आतबाहेर, आणि चारही चाके दुहेरी विशबोनवर, म्हणजे एकावर एक अशा दोन त्रिकोणी भुजांवर तोललेली, ही व्यवस्था त्या किमतीच्या गाडीत दुर्मीळ होती. याच गाडीने तो सोमवार ते शुक्रवार कचेरीत जातो, याच गाडीत शनिवारी मंडईतून भाजी आणतो, आणि वर्षातून सात-आठ वेळा याच गाडीने आयफेलमध्ये येऊन, फेऱ्या मारून, त्याच चाकांवर घरी परततो. ट्रेलरवर चढवून आणलेली गाडी बिघडली तर उचलून नेता येते. या गाडीला मात्र स्वतःच्या पायांनी घर गाठायचे असते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या विद्येचे मर्म त्या परतीच्या वाटेतच आहे.

मराठीत ‘गाडी लावणे’ म्हणजे ती कुठेतरी उभी करणे. ‘तंबोरा लावणे’ म्हणजे मात्र तो सुरात आणणे. हा मुलगा जे करतो त्याला दुसऱ्या अर्थाने गाडी लावणे म्हटले पाहिजे. स्प्रिंगांचा ताठपणा, शॉकअब्सॉर्बरचा आवर, चाकांचे कल, चारही कोपऱ्यांवरचे वजन, हवेचा दाब, ही त्या वाद्याची तार-खुंटी-मणी होत, आणि त्यांपैकी एकीला हात लावला की बाकीच्या सर्व आपापली जागा सोडतात.

त्याचा पहिला प्रयत्न फसला होता, आणि तो ज्या रीतीने फसला ती रीत इतकी सार्वत्रिक आहे की ती सविस्तर सांगणे भाग आहे. “काका, मला वाटलं, रेसच्या गाड्या दगडासारख्या असतात, मग आपणही दगड व्हावं.” त्याने अतिशय कडक स्प्रिंगा आणल्या, गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली आणि आयफेलची वाट धरली. कोलोनच्या गुळगुळीत हमरस्त्यावर गाडी मोठी देखणी आणि तरतरीत वाटली. फेऱ्यात मात्र फुक्सऱ्योऱं नावाची एक उतरण आहे, ‘कोल्ह्याचे बीळ’ असा तिचा अर्थ. झाडीतून नागमोडी खाली धावत गाडी जिथे तळ गाठून एकदम चढाला लागते, तिथे सगळे वजन चाकांवर आदळते. त्या तळाशी त्याच्या मागच्या चाकांची वर सरकण्याची जागा संपली, भुजा रबरी अटकावावर जाऊन टेकल्या, स्प्रिंग होती ती क्षणार्धात जणू लोखंडाची कांब झाली, आणि मागची बाजू हातभर बाजूला उडी मारून सुदैवाने पुन्हा जागेवर आली. त्या दिवशी त्याने दुसरी फेरी केली नाही. घरी परतताना, तो सांगतो, दगडी फरसबंदीच्या एका गल्लीत त्याला दातांचा आवाज ऐकू येत होता.

ताठपणा म्हणजे वेग हा भ्रम इतका लोकप्रिय का, हे समजून घेण्यासाठी गाडीच्या चिंतनाला थेट जमिनीपासून आरंभ करावा लागतो. हजार किलोंच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सरासरी अडीचशे किलो भार येतो; टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाबाची हवा असेल, तर तो भार पेलण्यास सव्वाशे चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागते, म्हणजे आपल्या टपालखात्याच्या एका पोस्टकार्डाएवढे. गाडीचा सारा व्यवहार, तिचे धावणे, वळणे, थांबणे आणि आत बसलेल्यांचे प्राण, या चार पोस्टकार्डांवर चालतो. सस्पेन्शनची एकमेव नोकरी म्हणजे ही चार पत्रे जमिनीला अखंड चिकटवून ठेवणे, आणि त्यांच्यावरचा भार शक्य तितका सारखा राखणे. आरामशीर प्रवास हा त्या नोकरीत मिळणारा भत्ता आहे, मूळ पगार नव्हे.

भार सारखा राखण्याचे महत्त्व यात आहे, की टायर हा कृतघ्न नोकर आहे. त्याच्यावरील भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते, तेव्हा बाहेरच्या जोडीने मिळवलेले आतल्या जोडीने गमावलेल्याहून कमीच भरते आणि एकूण जमाखर्चात तूट येते. किती वजन जाईल याचा हिशेब सरळ आहे: हजार किलोंची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर, आणि वळणाचा जोर वजनाच्या आठ दशांश असेल, तर सुमारे २८५ किलो एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातात. आत उरतात २१५, बाहेर होतात ७८५. आता गंमत अशी, की या हिशेबात वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर एवढीच कलमे आहेत. स्प्रिंगेचा उल्लेख कोठेच नाही. कडक स्प्रिंगेने गाडी कमी कलते हे खरे, पण म्हणून वजन कमी सरकते ही समजूत निराधार आहे. स्प्रिंगा आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणे आवरणारी ती वाकडी पोलादी कांब, जिला अँटिरोल बार म्हणतात, यांच्या हाती एवढेच असते की त्या २८५ किलोंतला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. पुढची बाजू अधिक ताठ केली की पुढचे टायर आधी हार खातात आणि गाडी वळण्याऐवजी नाकासमोर सरळ जाऊ पाहते. मागची ताठ केली की शेपूट बाहेर येते. सारी वाटणीची गोष्ट आहे, आणि वाटण्यांत कोर्टकचेऱ्या होतात हे आपणांस ठाऊकच आहे.

मग स्प्रिंग किती कडक असावी? जाणकार लोक हे किलोत मोजण्याऐवजी लयीत मोजतात. गाडीला दाबून सोडले तर ती आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, हा तो आकडा. ज्या गाडीचे वजन स्वतःखालच्या स्प्रिंगेला चाकापाशी मोजून २५ सेंटिमीटर दाबते तिची लय सेकंदाला एक, आणि तेच दबणे ६ सेंटिमीटर असेल तर लय दोन. सुखासीन घरगुती गाडी एक ते दीडच्या दरम्यान डोलते. रस्त्यावरची चपळ गाडी दीड ते दोन. हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तीनच्याही पुढे जातात, कारण त्यांचे पंख जमिनीपासून ठरावीक उंचीवर राहणे त्यांना प्राणाहून प्रिय असते. एमएक्स-५ ला असे पंख नाहीत. तिने त्या गाड्यांचे अनुकरण करणे म्हणजे राजाने पागोटे बांधले म्हणून न्हाव्यानेही दरबार भरवण्यासारखे आहे. या मुलाच्या फसलेल्या गाडीची लय अडीचच्या वर होती. आज ती पुढे पावणेदोन आणि मागे त्याहून किंचित अधिक आहे.

मागे किंचित अधिक का, याला एक जुना आणि सुंदर आधार आहे. मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने, रोल्स-रॉइसची नोकरी सोडून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेल्यावर, १९३० च्या दशकात वजने पुढेमागे सरकवता येतील अशी सोय केलेल्या मोटारीवर प्रयोग केले. उंचवटा प्रथम पुढच्या चाकांना लागतो आणि मागच्यांना क्षणभर उशिरा. दोन्ही टोकांची लय सारखी ठेवली तर गाडी होडीसारखी मागे-पुढे झुलत राहते, पण मागची लय थोडी जलद ठेवली तर उशिरा निघालेले मागचे टोक पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट बसते. ओलीसमोर प्रश्न होता श्रीमंतांच्या पोटातील पाणी हलू नये हा. त्याचे उत्तर आज या डोंगरात पोरांच्या उपयोगी पडते आहे. कॉलिन चॅपमननेही आपल्या लोटस गाड्यांत, विशेषतः १९६२ च्या एलानमध्ये, मऊ स्प्रिंगा आणि त्यांना अचूक आवरणारे शॉकअब्सॉर्बर हाच संसार थाटला होता, आणि एमएक्स-५ तिच्याच वंशावळीत शोभते.

शॉकअब्सॉर्बर, ज्याला आपल्या गॅरेजांत ‘शॉकप’ म्हणतात, त्याचे नाव मुळातच खोटे आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. हा गृहस्थ त्या स्प्रिंगेची नंतरची थरथर मोडतो. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, हालचालीची उष्णता होते, आणि ती वाऱ्यावर सोडली जाते. वीस किलोमीटरांच्या खडबडीत फेऱ्यात ते तेल इतके तापते की जुन्या पद्धतीच्या नळीत त्याला फेस येतो आणि फेसाळलेले तेल कोणालाच आवरीत नाही. यावर नळीत दाबाखाली वायू कोंडण्याचा तोडगा द कार्बों या फ्रेंच संशोधकाने काढला आणि बिलस्टाइन या जर्मन कारखान्याने १९५७ पासून मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत तो रुजवला. आज या मुलाच्या गाडीतील नळीच्या बुडाशी एक लहानशी चकती आहे. ती फिरवली की क्लिक असा आवाज होतो आणि छिद्र केसभर आवळते. क्लिक पूर्ण बंद अवस्थेपासून मोजत उघडायचे, ही रीत.

मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत मी एकदा दुपारभर बसलो होतो. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा सरकवतात, तो तांदळाच्या दाण्याच्या दशांशाने इकडचा तिकडे झाला की बोलणारी तार मुकी होते किंवा मुकी तार गुंजू लागते. तारेच्या त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. त्या वृद्ध कारागिराने मला सांगितले होते की दोरा सरकवताना तारेकडे बघू नये, भिंतीकडे बघावे. या मुलाने दोन क्लिक आवळले आणि गाडीच्या पुढच्या चाकाच्या कमानीवर दोन्ही तळवे ठेवून, ती दाबून सोडून, डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा मला तीच दुपार आठवली. फार आवळले तर काय होते? उंचवट्यांच्या मालिकेत स्प्रिंग दबते, पण पुन्हा सुटायला वेळ न मिळाल्याने दरवेळी थोडी अधिक दबलेलीच राहते, आणि गाडी हळूहळू स्वतःच्या अटकावांवर जाऊन बसते. ती ताठ वाटते, म्हणून अडाणी माणूस आणखी एक क्लिक आवळतो.

फेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जवळच्या एका गावातील गॅरेजात होतो. गॅरेजाचा धनी साठीचा, तिकडच्या कारागीर-संघाची ‘माइस्टर’ ही पदवी मिळवलेला, शब्दांचा अतिशय कंजूष. गाडी उचलण्याच्या खांबांवरून खाली उतरवून, चाकांवर उभी करून, मगच त्याने भुजांच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट घट्ट केले. कारण गाडी लोंबकळत असताना आवळलेले बुश खाली उतरताच पिळवटले जाते, स्वतःच एक चोरटी स्प्रिंग बनते आणि वर्षभरात फाटते. हे काम करताना त्याला खाटेखाली शिरणाऱ्या मांजरासारखे गाडीखाली सरपटत जावे लागले. आपल्याकडे कितीजण एवढा त्रास घेतात ते ज्याचे त्याने आठवावे.

नंतर चार तराजू आले, प्रत्येक चाकाखाली एक. चारपायी टेबलाचा एक पाय तसूभर आखूड असला की ते तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांवर डुगडुगते. गाडीचेही तसेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पेट्रोल अर्धी टाकी, हवा नेमकी, अँटिरोल बारच्या लिंक सोडलेल्या, आणि चालकाच्या जागी चालकाएवढे वजन, असा बंदोबस्त करावा लागतो. मुलगा स्वतः पाना घेऊन गाडीखाली होता. वाळूची पोती गॅरेजात सापडेनात. माइस्टरने माझ्याकडे खाली-वर पाहिले आणि जर्मनमध्ये काही विचारले. “तुमचं वजन विचारतायत, काका.” “सत्तर,” मी सांगितले, तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या कागदावर तेवढेच लिहिले होते. मला डाव्या आसनावर बसवण्यात आले, आणि उभ्या आयुष्यात प्रथमच माझ्या देहाला तांत्रिक महत्त्व प्राप्त झाले. माइस्टर आकड्यांकडे पाहून क्षणभर थांबला, काही बोलला नाही. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ५५० किलो. उरलेली तिरकी जोडी ५०८. म्हणजे गाडी उजवीकडे एका रीतीने आणि डावीकडे दुसऱ्या रीतीने वळत होती. स्प्रिंगांखालच्या आट्यांच्या चकत्या अर्धा-पाव फेरा फिरवता फिरवता तासाभराने तो हिशेब ५३१ आणि ५२७ वर आला. त्याहून पुढे जाण्यास माइस्टरने नकार दिला. खिशात किल्ली ठेवलीत की एवढा फरक पडेल, असे काहीसे तो पुटपुटला. अतिशयोक्ती होती, पण कंजूष माणसाने खर्च केलेली असल्याने मला ती आवडली.

चाकांच्या कलांविषयी मात्र मी थोडा अधिक काळ रेंगाळणार आहे, कारण रस्ता आणि फेरा यांचे भांडण इथे अगदी उघडे पडते. वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा तिच्याबरोबर बाहेरचे चाकही कलते आणि पोस्टकार्डाची केवळ बाहेरची कड जमिनीवर उरते. म्हणून चाकाचा माथा आधीच आत झुकवून ठेवतात, म्हणजे ऐन वळणात ते उभे राहते. निव्वळ फेऱ्यासाठी हा झुकाव तीन अंशांपर्यंत नेतात. या गाडीत पुढे दोन अंश आणि मागे त्याहून थोडा कमी ठेवला आहे, आणि त्याची किंमत म्हणून सरळ रस्त्यावर टायरची आतली कड थोडी लवकर झिजते. लोक या झिजेला फार घाबरतात आणि भलत्याच आरोपीला शिक्षा करतात. खरा चोर आहे ‘टो’, म्हणजे चाकांची बोटे एकमेकांकडे वळलेली आहेत की परस्परांपासून दूर, तो बारीकसा कोन. चाक आपल्या खऱ्या दिशेपासून एक दशांश अंशाने जरी तिरपे असले, तरी दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर आडवे फरफटत जाते. दहा हजार किलोमीटरांच्या प्रवासात साडेसतरा किलोमीटर, म्हणजे पुण्यातल्या पुण्यात चाक न फिरवता टायर घासत नेल्यासारखे. म्हणून पुढचा टो शून्य. मागे मात्र प्रत्येक चाकाला एक दशांश अंश आत, कारण वेगात पाय काढला असता मागच्या बाजूने शहाण्यासारखे वागावे यासाठी एवढी खंडणी देणे परवडते. एमएक्स-५ च्या भुजांच्या मुळाशी विलक्षण बोल्ट आहेत, मध्याला सोडून बसवलेले. ते फिरवून हे सारे कोन साध्या पान्याने बसवता येतात. बहुतेक गाड्यांत ही मोकळीक नसते. त्यातही पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाची सस्पेन्शनची रचना असलेली गाडी हौसेने खाली बसवली, तर भुजेचा कोन असा उलटतो की गाडी ज्या अक्षाभोवती कलते तो अक्ष गुरुत्वमध्यापेक्षाही भराभर खाली जातो, आणि बुटकी दिसणारी ती गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलू पाहते. दिसणे आणि असणे यांतले इतके स्वच्छ वैर फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

हे सगळे केल्यावर ते सरकारदरबारी रुजू करावे लागते. जर्मनीत स्प्रिंग बदलली तर टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेच्या अधिकाऱ्याने गाडी पाहून, भागांचे दाखले तपासून, कागदपत्रांत नोंद केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. नोंद झाली की कोणी हरकत घेत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावताना उत्पादकाने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास अटकाव केला. त्यामागची चिंता रास्त आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या पुष्कळ करामती भयानकच असतात. तरीही तपासून परवाना देण्याची वाट आणि सरसकट मनाईची वाट यांत पहिलीने कारागीर घडतात आणि दुसरीने पळवाटा, असे माझे मत आहे. शिवाय आपल्याकडे फेरा आहे कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरांचा मार्ग, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ पासून तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. पुण्याच्या हौशी माणसाने स्वतःच्या गाडीने चेन्नई गाठायची तर हजारांवर किलोमीटर, त्यांत किती गतिरोधक येतील त्याची गणती नाही. अशा गाडीची उंची कमी करणे हा वेडेपणा ठरेल. चांगले टायर, दमदार शॉकप, ब्रेकचे ताजे तेल आणि नीट बसवलेले कोन, एवढ्यावर थांबणारा माणूस चेन्नईतही सुखी राहील आणि वाटेतही.

रविवारी सकाळी धुके उठल्यावर आम्ही नाक्यावरच्या रांगेत उभे राहिलो. अडसर उठला, आणि पुढची काही मिनिटे मी कोणतीही नोंद केली नाही, कारण माझे दोन्ही हात कामात होते. जे आठवते ते असे. फ्लुगप्लाट्झ नावाच्या टप्प्यापाशी रस्ता पायाखालून निसटतो आणि गाडी क्षणभर हलकी होते. तिथे ती चारही चाकांवर एकदम उतरली, मांजर उतरते तशी. कोल्ह्याच्या बिळाच्या तळाशी माझी हनुवटी छातीला लागली, परंतु तो आदळण्याचा आवाज, ज्याची मी श्वास रोखून वाट पाहत होतो, तो आलाच नाही. गाडी खोल बसली, थांबली आणि उठली. कारुसेल नावाच्या, उतरत्या काँक्रीटच्या पन्हाळीसारख्या वळणात फरशांच्या सांध्यांवरून चाके खडखडत गेली, आणि त्या खडखडाटातही सुकाणूचक्रावरचे त्याचे हात जवळजवळ स्थिर होते. आमच्या डावीकडून एक ठेंगणी, दगडासारखी ताठ गाडी मोठ्या डौलाने पुढे गेली होती. तिच्या मागची चाके त्याच काँक्रीटवर उड्या मारताना आम्ही पाहिली, आणि पुढच्या दोन वळणांत ती आमच्या अगदी नाकासमोर आली. “तिचं इंजिन आपल्या दुप्पट आहे, काका,” तो म्हणाला. त्याने तिला ओलांडले नाही. तशी गरज कोणालाच वाटली नाही.

फेरी संपताच गाडी उभी करून तो टायरांपाशी बसला. थंड असताना १.९ बार असलेली हवा तापून २.३ च्या पुढे गेली होती. त्याने ती २.१ पर्यंत सोडली, रबराच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यावर तापमापकाची सुई टोचून आकडे घेतले. मधली पट्टी अधिक तापली तर हवा जास्त, आतली फार तापली तर झुकाव जास्त. डॉक्टर जीभ पाहतात तसाच हा प्रकार. आकडे एका जाड वहीत गेले. त्या वहीत सात वर्षांची रोजकीर्द आहे: तारीख, हवामान, क्लिक, दाब, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात एखादाच शब्द, ‘चांगली’, ‘शेपूट’, ‘भीती’. तिसऱ्या फेरीनंतर त्याने मागचा एक क्लिक उघडला, चौथीनंतर काहीच केले नाही, आणि दुपारी, अंगात अजून हौस असताना, पुरे म्हणाला.

परतीला आर नदीच्या खोऱ्यातला रस्ता घेतला. निघण्यापूर्वी त्याने पुढचे चार आणि मागचे तीन क्लिक सैल केले. वाटेतल्या पेट्रोलपंपावर, टायर निवल्यावर, सोडून दिलेली हवा परत भरली, कारण तापलेल्या दाबावर सोडलेला टायर थंड झाल्यावर धोकादायकरीत्या भुकेला राहतो आणि ही एक गोष्ट उत्साहाच्या भरात पुष्कळजण विसरतात. मी कॉफीचे दोन पेले घेऊन आलो तेव्हा तो बॉनेटवर वही ठेवून शेवटची ओळ लिहीत होता. ‘प्रवासी’ असा एक रकाना होता, त्यात त्याने लेखणी टेकवली आणि थांबला.

“काका, इथे किती लिहू?”

“सत्तर सांगितले ना मी काल.”

तो काही बोलला नाही. कागदावर त्याने चौऱ्याहत्तर लिहिले आणि वही मिटली.